सूट कुणाच्या नावाने?

पत्र शनिवारी आलं आणि रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावणं गेलं. सगळे म्हणजे तरी कोण? दादांचे धाकटे भाऊ, ज्यांना घरात नुसतं ‘वकील’ म्हणत, आणि दादांची मुलगी छकुली. वय वर्षं एकोणतीस, इस्पितळात लोकांची नजर तपासायची नोकरी, स्वतःचं वेगळं बिऱ्हाड, तरी अजून छकुलीच. दादांची बहीण, ताई, तर घरातच राहायच्या. म्हणजे दादा-वहिनी धरून पाच माणसं. पण वहिनींनी स्वयंपाक असा काढला होता की बघणाऱ्याला वाटावं, गावजेवण आहे.

दादांनी पत्र फळीवरच्या घड्याळाला टेकवून उभं केलं होतं. येता-जाता ते त्याला बोटाने सरळ करत. वाकडं झालेलं नव्हतं, पण माणसाला काहीतरी करावंसं वाटतंच ना.

“अहो, राहू द्या आता त्याला,” वहिनी म्हणाल्या.

“शिक्का बघितलास का? पूर्ण उठलाय. एरवी सरकारी शिक्का अर्धाच उठतो.”

“बघितला. काल चार वेळा बघितला.”

तोंडाने असं म्हणाल्या तरी वहिनींचा जीव भांड्यात पडला होता. वर्षभर या माणसाने त्या नव्या नियमापायी घरात सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. नियम साधा होता. डोळे, दात, पाय, जे काही कृत्रिम करून बसवायचं, त्या विषयाची पदवी हवी आणि परिषदेचा परवाना हवा. आता हे घर दोन पिढ्या डोळे करत आलेलं, पण पदवी शोधायला गेलात तर छकुलीची एक, आणि ती नजर तपासण्याची. डोळे करण्याची नव्हे. ज्यांनी दुकान काढलं ते नाना, दादांचे वडील, सातवीत शाळा सोडून पाट्या रंगवायला लागलेले. म्हणजे आता दुकानाला टाळंच लागायचं. पण नियमात एक सवलत ठेवली होती: ज्याने पंधरा वर्षं हे काम स्वतःच्या हाताने केलंय, त्याला पदवीची अट माफ. ती सूट मिळाल्याचं हे पत्र.

वकील आले ते दारातूनच हात पुढे करत. पत्र उभ्याने वाचलं, मग बसून मोठ्याने वाचलं. ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ ते असे चवीने म्हणत की ऐकणाऱ्याला भूक लागावी.

“अभिनंदन, दादा! आता कुणाचा बाप दुकानाला हात लावत नाही.”

तेवढ्यात मागच्या खोलीतून ताई आल्या. रविवार असला तरी सकाळचा उजेड त्या वाया घालवत नसत. बोटांना तपकिरी रंग लागला होता आणि बाहीवर लाल रेशमाचा एक बारीक धागा चिकटला होता. डोळ्याच्या पांढऱ्यावर शिरा दाखवायला त्या असले धागे सुटे करून लावत. त्यांनी पत्र वाचलं, सावकाश, चष्मा वर-खाली करत. चेहरा उजळला. मग सहज, अगदी मीठ मागावं तसं त्यांनी विचारलं.

“छान झालं. माझं कधी येणार?”

वहिनींनी झाकण ठेवलेल्या भांड्यावर पुन्हा झाकण ठेवलं.

“तुझं कसलं?” दादा म्हणाले.

“पत्र. तू म्हणालास ना, आपला फॉर्म भरलाय म्हणून?”

“भरलाय की. दुकानाचा. हे आलंय ना!”

“बाबा,” छकुली म्हणाली, “हे दुकानाला नसतं. माणसाला असतं. ज्याचं नाव त्यालाच.”

“मग? माझं नाव म्हणजे दुकानच. घरातल्या घरात काय माझं-तुझं?”

छकुलीने फॉर्मची प्रत मागितली. दादांना ती आठवेना. वहिनींनी मुकाट्याने खणातून काढून दिली, आणि तेवढ्यावरून छकुलीने ओळखलं की आई आज कुणाच्या बाजूला आहे.

तिने भराभर पानं उलटली आणि सातव्या रकान्यावर थांबली. ‘अर्जदाराने स्वतः रंगवून तयार केलेल्या डोळ्यांची एकूण संख्या.’ समोर दादांच्या वळणदार अक्षरात: एक हजार चारशे बारा.

“यातले तुम्ही किती रंगवलेत, बाबा?”

दादांनी घसा खाकरला. “एक.”

“तो बोकडासारखा दिसत होता,” ताई म्हणाल्या. “नानांनी फोडून टाकला.”

वकिलांना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

छकुलीला हसू आलं नाही. तिने लहानपणापासून बघितलेलं होतं की या दुकानात काम दोघं करतात. पुढच्या खोलीत बाबा गिऱ्हाइकाशी बोलतात, त्याची भीती घालवतात, रिकाम्या खोबणीचा साचा घेतात. तेही काही सोपं नाही. पण मग माणूस मागच्या खोलीत जातो, खिडकीशी आत्याच्या समोर बसतो, गुडघ्याला गुडघा लावून, तीन-तीन तास. आत्या त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत दुसरा रंगवते. पावती फाडताना सही बाबांची. पाटीवर नाव बाबांचं. कागदोपत्री आत्या या दुकानात कधी नव्हतीच.

“आत्याला हे काम येत्या एक तारखेपासून करता येणार नाही, हे लक्षात येतंय का कुणाच्या?” ती म्हणाली. “आणि अर्ज घ्यायची शेवटची तारीख उद्या आहे.”

“अगं, असं कसं करता येणार नाही?” वकील पुढे सरसावले. “कलम नऊ. सूट मिळालेल्या माणसाला एक मदतनीस ठेवता येतो. ताईचं नाव मदतनीस म्हणून घालायचं. झालं! बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“पुढचं वाच, काका.”

वकिलांनी पुढचं वाचलं आणि आवाज जरा खाली आला. “मदतनिसाने रुग्णासमोर बसून डोळा रंगवू नये.”

“मग मी काय बघून रंगवू?” ताईंनी विचारलं.

“फोटो आहेत की आजकाल! मोबाइलवर एवढा मोठा येतो.”

“फोटो बघून लोक लग्नं ठरवतात, आणि मग जन्मभर तुझ्याकडे येतात, वकीलसाहेब. मला नको सांगू फोटो.” ताईंचा आवाज चढला होता. “बुबुळ खिडकीशी एक असतं, दिव्याखाली दुसरं. माणूस घाबरला की बाहुली मोठी होते. ती खाली बसेपर्यंत मी त्याच्याशी गप्पा मारते. फोटोशी काय गप्पा मारू?”

“चिमणे, असं आकांडतांडव करू नकोस,” दादा बहिणीला म्हणाले. “मी कुणाचं वाईट करायला गेलो नाही. पावत्या माझ्या सहीच्या होत्या, त्यांनी त्याच पुरावा म्हणून मागितल्या. मी दिल्या. दुकान वाचलं. सगळ्यांचं भलं झालं.”

“सगळ्यांचं?” वहिनींनी विचारलं.

एवढंच विचारलं, पण छत्तीस वर्षांच्या संसारात दादांना हा स्वर ओळखीचा झाला होता. ते ताटाकडे बघू लागले.

“हा नियमच मूर्खपणाचा आहे,” ते म्हणाले. “चार खुर्च्या उबवणाऱ्यांनी बसून काढलेला. ज्याने काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणा.”

छकुलीने हातातला फॉर्म टेबलावर ठेवला. “आणलाय. त्या नियमाच्या बाजूने सही करणाऱ्यांत मी पण आहे.”

“काय?”

“परिषदेने इस्पितळातून मत मागवलं होतं. नियम असावा की नसावा. मी लिहिलं, असावा. बाबा, आमच्याकडे एक बाई आली होती. कुणीतरी बाजारात गाळा टाकून बसलेल्या माणसाने तिला डोळा बसवून दिला, तयार मापातला, मागून खरखरीत. आतून सगळं सोलवटलं होतं. पू झाला होता. तिला वाटायचं, असंच दुखतं. सहा महिने ती असंच दुखतं म्हणून बसली. मी उद्या पुन्हा सही करीन.”

दादा उठून उभे राहिले. “म्हणजे माझ्या घरात, माझ्या पोटची पोर...”

“बस खाली,” ताई म्हणाल्या. “बरं केलंस गं, छकुले. त्या माणसाच्या हातावर मारायला हवं कुणीतरी.” त्यांनी ताट पुढे सरकवलं. “फक्त त्याला मारताना तो फटका मला बसला. तुझी चूक नाही त्यात.”

आणि त्या मागच्या खोलीत निघून गेल्या. दादांना वाटलं होतं, ताई भांडेल. भांडणाला त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. आता ती सगळी उत्तरं घेऊन ते नुसतेच उभे राहिले.

ताई आपल्या खुर्चीवर बसल्या. समोर गिऱ्हाइकाची खुर्ची, बाजूला खिडकी, टेबलावर रंगांच्या डब्या, आणि एका ओल्या फडक्यावर परवाच्या बाईंचं अर्धवट रंगवलेलं बुबुळ. चहासारखं तपकिरी, कडेला जरासं हिरवट. परवा त्या बाई येणार आणि दुसरा हात फिरणार. पुढच्या महिन्यात कुणी येणार नाही. म्हणजे येतील, पुढच्या खोलीत दादाकडे. मग दादा काय करेल? मागे येऊन सांगेल, “तपकिरी कर”?

त्यांना रडू आलं. मोठ्याने नाही, पण आलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला काय येत होतं? हे येत होतं. स्वयंपाक त्यांचा बेतास बात, हिशेबात त्या कच्च्या, चार लोकांत त्यांना बोलता येत नसे. पण समोर घाबरलेला माणूस बसवा, आणि उठताना तो आरशात स्वतःकडे बघून हसत असे. हे काढून घेतलं तर उरलं काय, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

वहिनी आल्या आणि सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

“ताई, मला दहा नावं सांगा. दहाच. आत्ता फोन लावते. येऊन सांगतील, आमचा डोळा यांनी केला म्हणून.”

“नावं कुठायत? वही तुम्हीच लिहिता ना?”

वहिनींनी कपाळावर हात मारला. वही त्याच लिहीत, आणि वहीत एकही नाव नव्हतं. नानांची शिस्त. ‘डावा, काळाभोर, बाहुली मोठी.’ ‘उजवा, घारा, पांढऱ्यात पिवळी झाक.’ माणसं अशी लिहिलेली. नाना म्हणत, त्या माणसाला विसरायचंय म्हणून तो आपल्याकडे येतो, आपणच आठवण ठेवून कसं चालेल? रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर मान वळवायची, ओळख द्यायची नाही. एका बाईंच्या दुकानातून ताई वीस वर्षं कापड घेत होत्या. त्या बाईंच्या उजव्या डोळ्यातली एकूण एक शीर ताईंनी लावलेली. वीस वर्षं दोघी एकमेकींना “किती मीटर?” एवढंच विचारत आल्या होत्या.

“तिला तरी विचारू,” वहिनी म्हणाल्या. “कापडवालीला.”

“नाही.”

“अहो ताई, तुमच्या पोटापाण्याचा...”

“नाही म्हटलं ना. तिच्या नवऱ्यालाही माहीत नाही. मी जाऊन म्हणू, बाई, माझ्यासाठी आता सगळ्यांना सांगा? मी घरी बसेन, पण हे करणार नाही.”

वहिनींना राग आला. नणंदेचा नाही, सासऱ्यांचा. एवढा शहाणा माणूस, पण आपल्या पोरीचं काम कधी कुणाला दाखवावं लागेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पाटी मुलाच्या नावाने रंगवून मोकळे झाले, तीही स्वतःच्या हाताने.

“चला बाहेर,” त्या म्हणाल्या. “वकील काय फुकट जेवणार आहेत का? त्यांना वाचायला लावू सगळं. पहिल्यापासून.”

वकिलांनी सगळं वाचलं. पहिल्या कलमापासून, टिपांसकट. ताटं वाळली तरी कुणी उठलं नाही. दादा खुर्ची जरा लांब ओढून बसले होते, म्हणजे बैठकीत होते पण नव्हतेही.

“हे बघा. पावत्या नसतील, तर दुसरा मार्ग आहे,” वकील म्हणाले. “रुग्णाचा लेखी जबाब, आणि सोबत पंधरा वर्षांतल्या कामाचे नमुने.”

“नमुने कुठून आणायचे?” छकुली म्हणाली. “नवा दिला की जुना आपण त्याच्यासमोर फोडतो.”

“आणि एक हजार चारशे बारा डोळे दादाच्या नावावर लागलेत,” वकिलांनी आवाज बारीक करून सांगितलं. “एकच डोळा दोघांनी केलेला चालत नाही. ताईला द्यायचे, तर दादाचं पत्र परत करावं लागेल.”

“ते नंतरचं नंतर,” वहिनी म्हणाल्या. “जबाब किती जणांचा?”

वकिलांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “किमान एका रुग्णाचा.”

एका.

मग एक गंमत झाली. छकुली खिडकीबाहेर बघू लागली. वहिनी भांड्यांकडे. वकील कागदाकडे. ताई स्वतःच्या बोटांकडे. दादांकडे कुणीही बघितलं नाही. इतक्या एकजुटीने हे घर एरवी काहीच करत नसे.

दादांचा डावा डोळा खोटा होता. नवव्या वर्षी खेळताना काठी लागली आणि तो गेला. पाट्या रंगवणाऱ्या नानांनी पोराला लोकांनी चिडवू नये म्हणून धडपडत एक डोळा केला, मग तो वाईट म्हणून दुसरा, मग तिसरा. त्यातून दुकान उभं राहिलं. ताई बावीस वर्षांच्या झाल्यापासून दादांचा डोळा त्याच करत आल्या. हे घरात सगळ्यांना ठाऊक, बाहेर कुणालाही नाही, आणि घरातसुद्धा यावर बोलायची पद्धत नव्हती. वहिनींना लग्नाआधी एकदा सांगितलं होतं, तेवढंच.

“नाही,” दादा म्हणाले.

“आम्ही कुठे काय म्हटलं?” वकील म्हणाले.

“नातेवाइकाचा जबाब चालत नसेल.”

“चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही.”

“तू गप्प बस! ते फायलीला लागेल. फाईल दहा टेबलांवर फिरेल. उद्यापासून माणूस माझ्याशी बोलायला लागला की आधी शोधत बसेल, यातला खोटा कुठला.” त्यांचा आवाज फाटला. “तेच नको म्हणून तर सगळं केलं नानांनी.”

“त्याला कुणी आग्रह करू नका,” ताई म्हणाल्या. “मी कापडवालीला विचारायला तयार नाही. मग यालाही नाही विचारणार. सारखंच आहे.”

दादा उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आत ते पलंगावर बसले. राग आला होता, पण कुणाचा ते सापडेना. चिमणी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, सारखंच आहे. म्हणजे तिच्या लेखी तो एक गिऱ्हाईक होता, ज्याचं गुपित तिने राखलं. आणि त्याने काय राखलं? तिने केलेली माणसं त्याने सातव्या रकान्यात एका दमात आपल्या नावावर लिहिली होती. लिहिताना हातसुद्धा थांबला नव्हता. त्यांना लाज वाटली. त्रेपन्न वर्षं त्यांनी डोळ्याची लाज बाळगली, पण ही त्याहून जास्त होती.

त्यांनी कपाटातलं दाढीचं जुनं सामान बाहेर काढलं आणि तळाशी असलेली पत्र्याची डबी घेतली.

बाहेर येऊन त्यांनी ती टेबलावर, पत्राच्या शेजारी उपडी केली. कापसात गुंडाळलेले सहा डोळे.

“फोडले नाहीस?” ताई थक्क झाल्या. “मी फोडायला म्हणून दिले होते.”

“फोडवले नाहीत.”

ताईंनी एकेक उचलून उजेडात धरला. “अगंबाई, हा पहिला! कड बघ किती जाड केलीय. शी! आणि तू हा घालून लग्नात उभा राहिलास?”

“मला काही दिसलं नाही कडबिड,” वहिनी म्हणाल्या. “मी हो म्हटलं की.”

छकुलीने सहाही डोळे ओळीने लावले, आणि तिच्या लक्षात आलं ते तिने इतकी वर्षं इस्पितळात काढूनही कधी बघितलं नव्हतं. पहिल्याचा पांढरा भाग स्वच्छ. तिसऱ्यात तो जरा मंदावलेला. पाचव्यात शिरा वाढलेल्या. सहाव्यात बुबुळाभोवती फिकट राखाडी कडं, पन्नाशीनंतर येतं तसं. दर पाच-सहा वर्षांनी आत्या भावाच्या चांगल्या डोळ्यासमोर बसत गेली आणि तो जेवढा थकला तेवढाच दुसराही थकवत गेली.

“मला म्हातारं तूच केलंयस, चिमणे,” दादा म्हणाले. हसायला गेले आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. मग दुसऱ्यातूनही आलं. वकिलांनी लगेच कागद पुढे ओढला, कारण रडणाऱ्या मोठ्या भावाकडे बघण्यापेक्षा कलम बघणं सोपं.

“लिही,” दादा त्यांना म्हणाले. “माझा डावा डोळा छत्तीस वर्षं माझ्या बहिणीने केला आहे. सहा सोबत जोडले आहेत, सातवा चेहऱ्यावर आहे. आणि माझं पत्र परत करतोय म्हणून लिही.”

“दादा, नीट विचार कर. तुझी सूट गेली की पाटीवर...”

“अक्षर चांगलं काढ. उगाच कुत्र्याच्या पायाचं नको.”

सोमवारी सकाळी परिषदेच्या कचेरीत पाचही जण गेले. एकाचं काम होतं, पण घरी थांबायला कुणी तयार होईना. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रांग जिन्यापर्यंत आलेली. पुढच्या माणसाच्या हातात कवळ्यांचा डबा होता, मागच्याच्या काखेत लाकडी पाय. शेवटची तारीख म्हटल्यावर सगळा गाव सुटे भाग घेऊन आल्यासारखा दिसत होता.

खिडकीशी पोचेपर्यंत दादांनी दोनदा मागे वळून बघितलं. दोन्ही वेळा ताई म्हणाल्या, “जाऊ या का परत? खरंच जाऊ.” दोन्ही वेळा ते पुढे सरकले.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, पत्र वाचलं, पुन्हा अर्ज वाचला.

“मिळालेली सूट परत करताय? इथे लोक पाया पडतायत माझ्या.”

“चुकून माझ्या नावावर आली,” दादा म्हणाले. “काम हिचं आहे.”

“आणि जबाब देणारा रुग्ण कुठाय? समक्ष लागतो.”

“मी.”

खिडकीमागच्या दोन-तीन टेबलांवरच्या माना वर झाल्या. रांगेतला कवळीवालाही वळला. हेच ते. दादांना सगळ्यांची नजर चेहऱ्यावर फिरताना जाणवत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नऊ वर्षांचे असताना शाळेत अशीच फिरली होती. पळून जावंसं वाटलं. त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली.

बाईंनी सहा डोळे बघितले. मग पुढे वाकून दादांकडे बघितलं. चष्मा लावला, काढला. शेजारच्या कारकुनाला बोलावलं, त्यानेही बघितलं. दोघांचं काहीतरी कुजबुजणं झालं.

“अर्जात डावा लिहिलंय. हे चुकलंय तुमचं,” बाई लाल पेन उघडत म्हणाल्या. “उजवा आहे ना? जरा फिरत नाही तो डाव्याइतका. आमच्या लक्षात येतं बरं का, रोजचं काम आहे. करू का दुरुस्त?”

ताईंनी तोंडावर पदर धरला. वहिनी वकिलांच्या पाठीमागे गेल्या.

दादांनी उजवा हात उचलला आणि बाईंनी दाखवलेला डोळा तळव्याने झाकला. डाव्याने ते त्यांच्याकडे बघत राहिले, अगदी सरळ, नम्रपणे.

“आता मला तुम्ही दिसत नाही,” ते म्हणाले. “कुणीच दिसत नाही.”

बाई बघतच राहिल्या. आधी त्या डोळ्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या, बोटांना तपकिरी रंग लागलेल्या बाईकडे. लाल पेन त्यांनी बंद केलं. शिक्का घेतला आणि असा दाबला की पूर्ण उठला.

“सूट यांच्या नावाने,” त्या म्हणाल्या. “मदतनीस म्हणून कुणाचं नाव घालू?”

दादांचा हात अजून डोळ्यावरच होता.

“माझं घाला.”

ताईंनी डोळे पुसले आणि मागून त्यांच्या शर्टाची बाही ओढली.

“हात काढ आता, दादा. सही कुठे करायची ते दिसू दे की.”